स्टेशनपर्यंत त्यांचं, तिथून पुढे तुमचं

प्रश्न

माझ्या मुलीचं लग्न २० फेब्रुवारीला, शनिवारी, वेंगुर्ल्याजवळ समुद्रकिनारी ठरलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी हळद आणि गाणी, शनिवारी सूर्यास्ताच्या सुमारास लग्न, रविवारी न्याहारी करून सगळे मोकळे. आम्ही पुण्याचे, व्याही बेळगावचे. दोन्हीकडचे मिळून १३० पाहुणे धरले आहेत. पुणे, मुंबई, नागपूर, मुलांचे बंगळूरुचे मित्र, शिवाय न्यू जर्सीहून माझा भाऊ सहकुटुंब येणार आहे. लग्नाला अजून पाच महिने आहेत, पण आत्तापासून रोज दोन-तीन फोन येतात. कुठल्या गाडीनं येऊ, कुठे उतरू, न्यायला कोण येणार? लेक म्हणते, वेबसाइट केली आहे, त्यावर नकाशा आहे, बघा म्हणावं. हे म्हणतात, सगळे शिकलेसवरलेले आहेत, येतील आपापले. माझ्या नणंदबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. त्यांनी सांगून टाकलं, "नेणार असाल तर येते." आणि पैशाचं काय? प्रवासखर्च ज्याचा त्यानं करायचा, हे आपल्या माणसांना सांगायचं कसं?
— एक वधूमाय, पुणे

उत्तर

वधूमाय,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्या पोटात आहेत. खर्चाची आणि जबाबदारीची रेघ कुठे ओढायची हे तुमच्या घरात अजून ठरलेलं नाही. म्हणून तुम्ही फोनवर चाचरता, आणि तुम्ही चाचरता म्हणून फोन वाढतात.

वेंगुर्ल्याच्या लग्नात ही रेघ ओढणं सोपं आहे. ती कुडाळ स्टेशनवर ओढा. घरापासून कुडाळपर्यंतचा प्रवास पाहुण्याचा, खर्चही त्याचा. कुडाळच्या फलाटावर त्याचा पाय पडला की तिथून पुन्हा त्याच फलाटावर सोडेपर्यंत तो तुमचा. गाडी, खोली, चहापाणी, जेवणखाण सगळं तुमच्याकडे. विमानानं येणाऱ्यांसाठी हीच रेघ गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाच्या दारात. कुडाळपर्यंत यायला पाच वाटा आहेत आणि आपल्या खिशाला कुठली परवडते हे ज्याचं त्याला कळतं. पण कुडाळ ते तुमचा किनारा हे पंचवीस-तीस किलोमीटर नवख्या माणसाला एकट्यानं जमणारे नाहीत. एसटी वेंगुर्ल्याच्या स्टँडवर सोडते, पुढे रिक्षा शोधायची, रिसॉर्टचं नाव रिक्षावाल्याला माहीत असेल तर ठीक. आणि हे सगळं हातात पैठणीची बॅग नि कडेवर नातू घेऊन. तुमच्या 'ह्यां'चं म्हणणं कुडाळपर्यंत बरोबर आहे, त्यापुढे नाही.

आता हे सांगायचं कसं? लाजतलाजत, एकेकाला वेगवेगळं सांगाल तर प्रत्येकजण आपापला अर्थ काढेल. सगळ्यांना एकच मजकूर जाऊ दे, काहीसा असा:

"लग्न वेंगुर्ल्याजवळ आहे. १९ तारखेच्या दुपारपासून २१ तारखेच्या दुपारपर्यंत तुमची राहण्या-जेवणाची सोय आम्ही केली आहे. कुडाळ स्टेशनवरून आणि मोपा विमानतळावरून न्यायला-पोचवायला आमच्या गाड्या असतील. तिथपर्यंतचं जाण्या-येण्याचं तिकीट तेवढं तुम्ही वेळेत काढा, आणि काढलं की त्याचा फोटो अमुकला पाठवा. आहेर आणायचा नाही. एवढा प्रवास करून येताय, त्यातच तो आला."

खर्चाचा उच्चारही न करता खर्चाचं सांगून झालं. आहेर नको हे मात्र मनापासून लिहा आणि पाळा. तिकिटाला पैसे घालवून आलेल्या माणसाकडून पाकीट घेणं बरं दिसत नाही.

तारखेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मला जास्त काळजी वाटते. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. सुट्टी जोडून आली म्हणून तुम्ही खूश असाल, पण मुंबई-पुण्यातली बरीच घरं त्याच आनंदात मालवण-तारकर्लीला खोल्या शोधत असणार. गुरुवारी रात्री कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी आणि रविवारी संध्याकाळी परतणारी प्रत्येक गाडी भरलेली असेल असंच धरून चाला. त्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. ती ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तिची तारीख निघते, आणि येते ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमच्या तारखेच्या आसपास पडली, तर मुंबईच्या चाकरमान्यांपुढे तुमच्या वऱ्हाडाचा निभाव लागणार नाही. तारीख जाहीर होताच कळवायला सिंधुदुर्गातल्या एखाद्या ओळखीच्याला सांगून ठेवा, पण तिची वाट बघत खोल्या आणि गाड्या ठरवायच्या थांबू नका.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, दहावीची तिच्या मागोमाग. परीक्षेचं मूल असलेली घरं १३० मधून आधीच वजा करा. त्यांना आग्रह करू नका, त्या आयांच्या जिवाला आधीच घोर असतो.

आता रेल्वे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस गेले, तरी कितीतरी घरांत अजून जुनाच हिशेब चालतो. प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. म्हणजे गुरुवारी, १८ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईहून सुटणाऱ्या कोकणकन्येचं तिकीट २० डिसेंबरला सकाळी आठ वाजता मिळायला लागेल, आणि रविवार २१ च्या परतीचं २३ डिसेंबरला. दोन वेगळे दिवस, दोन वेगळे गजर. लोक जाण्याचं तिकीट धडपडून काढतात, परतीचं "बघू नंतर" म्हणतात, आणि मग रविवारच्या न्याहारीला पोह्यांपेक्षा तत्काळचीच चर्चा जास्त.

तुतारी एक्सप्रेसनं येणाऱ्यांना स्वतंत्र सांगा. ती दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. गुरुवारी रात्री जेवून निघायचं असेल, तर तिकिटावर तारीख १९ हवी, आणि ते तिकीट २१ डिसेंबरला उघडतं. १८ तारखेचं काढलं, तर पाहुणा जेवून ऐटीत दादरला पोचेल तेव्हा त्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. शिकल्यासवरल्या माणसांचंच हे होतं, कारण ते चौकशी करत नाहीत. कोकणकन्याही पनवेलला बाराच्या पुढेच येते, तेव्हा पनवेलला चढणाऱ्यांनी तारीख दोनदा वाचावी.

वंदे भारतचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. सध्याच्या वेळापत्रकात ती शुक्रवारी धावत नाही, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीलाच थांबते, कुडाळला नाही. हळदीला न येता शनिवारी पहाटे मुंबईहून निघून थेट लग्नाला पोचणाऱ्यांना ती सोयीची आहे. मात्र कणकवली ते वेंगुर्ले हे अंतर कुडाळच्या दुपटीहून कमी नाही. चार-पाच माणसं होत असतील तर गाडी पाठवा. एखाददुसरा असेल तर कणकवलीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर द्या आणि तसं आधीच सांगा.

तिकिटं काढण्याचं काम मुलीच्या चुलत-मावस भावंडांत वाटून द्या. आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळात ऑनलाइन तिकीट आधार जोडलेल्या खात्यांनाच मिळतं, तेव्हा ज्यांच्या खात्यावर काढायचं आहे त्यांनी हे जोडणीचं काम नोव्हेंबरातच उरकावं. अशा खात्यावरून महिन्याला २४ तिकिटं निघतात, एका तिकिटावर सहाजण. पण ज्येष्ठांना त्या सहांत कोंबू नका. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो राखीव कोटा असतो, तो तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागतो. घरच्यांबरोबर हवेत म्हणून आजी-आजोबांचं नाव सहाजणांच्या तिकिटात घातलं की हमखास मधला बर्थ येतो, आणि मग रात्री अकरा वाजता अनोळखी तरुणाच्या विनवण्या. दोघांचं तिकीट वेगळं काढा, डबा एकच मिळाला तर उत्तम. (ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती पुन्हा सुरू झाली का, असं विचारणारे एक काका तुमच्याकडेही असतीलच.) मुंबईची तीसेक माणसं एकाच गाडीनं यायला तयार झाली, तर लग्नपत्रिका जोडून मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांकडे एकगठ्ठा आरक्षणाचा अर्ज करता येतो. खटपट आहे, पण एकदाची.

कुडाळला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. सामान दाराशी आणून ठेवायला कुडाळच्या आधीच्या स्टेशनलाच सुरुवात करा, हे पाहुण्यांना लिहून कळवा. त्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यामुळे "उतरलो की फोन करतो" या भरवशावर राहायचं नाही. गाडीवाल्याचं नाव आणि नंबर पाहुण्याच्या खिशात कागदावर, पाहुण्यांची यादी गाडीवाल्याच्या हातात, आणि फलाटावर तुमच्याकडचा एखादा दांडगा भाचा.

पुण्याच्या मंडळींसाठी मात्र ती रेघ जरा मोडा. पुण्याहून कुडाळला रोजची सोयीची थेट रेल्वे नाही, आणि रुखवत, साड्या, भटजींचं सामान घेऊन तुम्हाला तर जायचंच आहे. एक बस करा. खासगी मिळेल, नाहीतर एसटीच्या आगारात अर्ज केला की प्रासंगिक करारावर गाडी मिळते. कितीतरी वऱ्हाडं याच करारावर गेली आहेत. महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास ही सवलत एसटीच्या नेहमीच्या फेऱ्यांना आहे, करारावरच्या बसला नाही, तेव्हा तो हिशेब धरू नका. बस शुक्रवारी पहाटे पाचला सोडा. कोल्हापूर, निपाणी, आजरा करत आंबोली घाटानं सावंतवाडीला उतरायचं. थांबे धरून दहा तास, म्हणजे हळदीच्या आधी चहा होतो. गुरुवारी रात्री निघायचं सुचवणारे भेटतील, कारण "झोपेत प्रवास होतो". होत नाही. रात्रभर बसून आलेली पन्नास माणसं सकाळी सहाला दारात उभी राहतात, आणि खोल्या दुपारशिवाय मिळत नाहीत. घाटाच्या वळणांनी ज्यांना मळमळतं, त्यांना पुढच्या जागा आणि आजऱ्याच्या आधी गोळी.

आपल्या मोटारीनं मुंबईहून निघणाऱ्यांना मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही सांगत नाही, तो विषय काढला की हे सदर पुरणार नाही. रात्रीचं एकट्यानं चालवत येऊ नका, एवढं त्यांना कळवा.

नागपूरकरांसाठी नागपूर–मडगाव अशी एक विशेष गाडी आठवड्यातून दोनदा धावत आली आहे. विशेष गाड्यांची मुदत थोडी थोडी करून वाढवतात, त्यामुळे तिचे वार तुमच्या तारखांना जुळतात का ते डिसेंबरातच कळेल. जुळले नाहीत तर नागपूरकरांनी गुरुवारी पुण्यात यावं, तुमच्याकडे रात्रीची पिठलं-भाकरी खावी आणि शुक्रवारी तुमच्याच बसमध्ये बसावं. पन्नास आसनांच्या बसमध्ये दहा जागा त्यांच्यासाठी आत्ताच राखून ठेवा.

बेळगावकरांना काही शिकवायला जाऊ नका. आंबोलीनं तीन-साडेतीन तासांत ते उतरतात आणि तो रस्ता तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. विहीणबाईंना एक फोन करा: किती माणसं, किती गाड्या, मुक्कामाला किती आणि रात्री परतणारे किती. हा शेवटचा आकडा विसरू नका. बेळगावहून आलेले बरेचजण शनिवारी जेवून निघतो म्हणतील. लग्नाचं जेवण उशिरा सुरू झालं तर अंधारात घाट चढायचा येतो. त्यांची पहिली पंगत लवकर बसवा किंवा त्यांच्यासाठी चार खोल्या हाताशी ठेवा.

बंगळूरुचे मित्र विमानानं येणार. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, आणि तरुण मंडळी 'गोवा' एवढं टाइप करून सगळ्यात स्वस्त दिसेल ते तिकीट काढतात. तुम्हाला हवा आहे तो मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. पेडण्यात आहे, सिंधुदुर्गाच्या वेशीला लागून; तिथून वेंगुर्ल्याला सव्वा-दीड तास पुरतो. दाबोळी पार वास्कोजवळ, झुवारी आणि मांडवी या दोन्ही नद्यांच्या पलीकडे. तिथे उतरलेल्या माणसाचं स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात फिटतं. तिकिटावर मोपासाठी 'जीओएक्स' आणि दाबोळीसाठी 'जीओआय' अशी अक्षरं असतात. लेकीच्या वेबसाइटवर हे ठळक घाला. नकाशात वेंगुर्ल्याच्या अगदी शेजारी परुळे-चिपीचा विमानतळ दिसेल आणि कुणीतरी हुशार "हा तर जवळच आहे" म्हणून शोध लावेल. ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं खरं, पण तिथली विमानसेवा सुरू-बंद होत आली आहे. लग्नाचा बेत तिच्यावर बांधू नका.

याच मित्रांसाठी दोन गोष्टी, जरा दटावून. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. फोनवर गाडी बोलवू म्हणणाऱ्यांना विमानतळावरच्या टॅक्सीच्या खिडकीशी उभं राहावं लागेल, आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रात यायचं म्हटल्यावर भाड्याची बोली नव्यानं सुरू होईल. दुसरं, गोव्याची स्वस्त दारू बॅगेत घालून महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे आणि तिथे गाड्या तपासतात. नवरदेवाचे मित्र हळदीच्या संध्याकाळी नाक्यावर बसलेले, असं व्हायला नको. हे त्यांना तुम्ही सांगू नका, नवरदेवाला सांगू दे.

तुमच्या भावाबद्दल मी कडक आहे. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. तो शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरून दुपारच्या विमानानं मोपा गाठणार असेल, तर त्याला आजच फोन करा. आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत तिकीट वेगवेगळं काढलं, तर मुंबईला सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, कधी टर्मिनल बदलावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आता नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात, तेव्हा दुसरं विमान तिथलं निघालं तर मधे अख्खं शहर ओलांडायचं. त्यानं बुधवारपर्यंत पुण्यात यावं, एक दिवस झोप काढावी आणि तुमच्याच बसमध्ये बसावं. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलांचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) किंवा ई-व्हिसा आहे ना, पासपोर्टची मुदत किती उरली आहे, हे दिवाळीच्या आत बघून घ्यायला सांगा. आणखी एक, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: परदेशी पासपोर्टचा माणूस मुक्कामाला उतरला की त्या जागेच्या मालकाला २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे भरावी लागते, लोक त्याला 'सी' फॉर्म म्हणतात. मोठ्या हॉटेलांना ते सवयीचं असतं, पण घरगुती निवास-न्याहारीवाल्याला कदाचित पहिल्यांदाच करावं लागेल. भावाचं कुटुंब मुख्य रिसॉर्टमध्येच ठेवा.

माहिती पोचवण्याचं बोलते. लेकीची वेबसाइट चांगलीच आहे, तिच्या वयाच्यांसाठी. साठीपुढचा माणूस वेबसाइट उघडत नाही, फोन करतो, आणि ज्याच्याशी बोलून बरं वाटतं त्याला करतो, म्हणजे तुम्हाला. म्हणून तुमचा आणि लेकीचा, दोघींचे नंबर या कामातून काढून घ्या. पुणे-नागपूरसाठी एक, मुंबईसाठी एक, विमानवाल्यांसाठी एक, अशी तीन माणसं नेमा. त्यातलं निदान एक पन्नाशीच्या पुढचं असावं, बोलायला निवांत, ज्याला "आणि तब्येत काय म्हणते" विचारायचा कंटाळा नाही. एका पानावर मावेल एवढी माहिती मोठ्या अक्षरात टाइप करून तिचं चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवा. लग्नाच्या ग्रुपवर टाकाल तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जाईल. ज्याला त्याला स्वतंत्र पाठवा.

या तिघांनी मिळून एकच वही ठेवायची. कागदाची चालेल, संगणकावरची असेल तर तिघांना दिसणारी. नाव, फोन, येण्याची गाडी आणि स्टेशन, परतीची गाडी, खोली, आणि शेवटच्या रकान्यात गुडघे, मधुमेह, तान्हं बाळ असं काय असेल ते. "येतो हो, नक्की" हे वहीत लिहायचं नाही. तिकिटाचा फोटो आला की नाव पक्कं. १० जानेवारीपर्यंत ज्यांचा फोटो आला नाही त्यांना त्या तिघांपैकी एकानं फोन करायचा, तुम्ही नाही.

वही भरली की गाड्या ठरवणं सोपं जातं. प्रत्येक पाहुण्यामागे एक गाडी पळवू नका, फेऱ्या ठरवा. शुक्रवारी सकाळी कोकणकन्या आणि तुतारीची माणसं उतरतील तेव्हा कुडाळला दोन ट्रॅव्हलर. मांडवी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी निघते आणि संध्याकाळी कुडाळला येते. तिच्यासाठी एक, तीही हळद सुरू झाल्यावर पोचेल हे धरून. मोपाला दुपारी एक ठरावीक वेळ. ज्याचं विमान त्या वेळेच्या दोन तास आधी उतरतं त्यानं तिथेच कॉफी पीत थांबायचं, हे आधी कळवलं असेल तर कुणी रागवत नाही. गाड्या कुडाळ-वेंगुर्ल्याच्याच घ्या, पुण्याहून आणू नका. तिथल्या गाडीवाल्याला गाडी किती उशिरा आली आहे हे स्टेशनात न जाताही कळतं. रविवारच्या परतीच्या फेऱ्यांचं पान शनिवारी सकाळीच प्रत्येक खोलीच्या दारावर चिकटवा.

खोल्यांचं थोडक्यात. त्या किनाऱ्यावर १३० माणसं एका छपराखाली मावतील अशी ठिकाणं फारशी नाहीत, त्यामुळे काहीजण आसपासच्या घरगुती निवासात जाणार. तिथे तरुणांना पाठवा. म्हाताऱ्यांना तळमजला, कमोड आणि मांडवापासून वाळू न तुडवता चालता येईल असा रस्ता. हे तीनही तुम्ही स्वतः जाऊन बघा, फोटोवर जाऊ नका. रविवारी संध्याकाळच्या गाडीपर्यंत ज्यांना वेळ आहे त्यांना आरवलीचा वेतोबा आणि रेडीचा गणपती दाखवायला एक ट्रॅव्हलर ठेवा. वेतोबाला केळी वाहतात आणि भल्यामोठ्या चपला. नागपूरची मुलं त्या चपला बघून खूश होतील.

राहिल्या नणंदबाई. त्यांचं "नेणार असाल तर येते" हे मला रुसवं वाटत नाही, गुडघ्यांची भीती वाटते, आणि ती त्यांनी सरळ बोलून दाखवली हे चांगलं केलं. त्यांना बसमध्ये दहा तास बसवू नका. पुणे ते मोपा थेट विमान मिळत असेल तर त्यांचं आणि एका भाचीचं तिकीट तुम्ही काढा, व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. विमान कंपन्या ती देतात. थेट विमान नसेल तर मोटारीनं दोन दिवसांत आणा, गुरुवारी कोल्हापूरला मुक्काम, शुक्रवारी उरलेला रस्ता. त्यांना सोबत म्हणून ज्याला बसवाल त्याला हळदीच्या कामातून मोकळं करा.

अशी आणखी दोन-चार नावं तुमच्या यादीत असतील, ज्यांची अडचण गुडघ्यांची नसून पैशाची आहे. लेकीला लहानपणी सांभाळलेल्या बाई, निवृत्तीवेतनावर चालणारे एखादे मामेसासरे, नोकरी गेलेला भाचा. यांना तो सगळ्यांना पाठवायचा मजकूर पाठवूच नका. तुम्ही किंवा 'हे', दोघांपैकी ज्यांचं त्या घराशी जास्त जमतं त्यांनी जाऊन पत्रिका द्या आणि म्हणा, "आमच्या बसमध्ये तुमची जागा धरली आहे, पहाटे साडेचारला गाडी तुम्हाला घ्यायला येईल." परवडेल का, हा प्रश्न त्यांना विचारायची वेळच येऊ देऊ नका, आणि वहीत त्यांच्या नावापुढे काही खूण करू नका. वही तीन माणसं बघतात.

जे येणार नाहीत ते पंचवीस-तीस तरी निघतील. बाहेरगावच्या लग्नाला तेवढं धरावंच लागतं. त्यांच्यासाठी मार्चमध्ये पुण्यात एक साधा स्वागत समारंभ ठेवा आणि त्याची तारीख पहिल्याच मजकुरात घाला. मग ज्याला वेंगुर्ल्याला यायचं नाही तो कारणं शोधत बसणार नाही, सरळ "आम्ही पुण्याला येतो" म्हणेल, आणि तुमचा आकडा डिसेंबरच्या आधीच खरा होईल. बस, ट्रॅव्हलर आणि खोल्या यांची आगाऊ रक्कम त्या आकड्यावर भरा, १३० वर नको.